स्टुलाचा हर्रास

साल दोन हजार तेवीस. अधिक श्रावण, ऐन पावसाळा. कूलर झाकून ठेवले होते आणि आमच्या महाल भागातल्या घरोघरी जावई जेवायला येत होते. याला धोंड्याचा महिना म्हणतात. तीन वर्षांतून एकदा येतो. जावयाला बोलवायचं, तेहतीस अनारसे द्यायचे, जमेल तसा चांदीचा दिवा द्यायचा आणि महिनाभर त्याला उणा शब्द बोलायचा नाही. हे शेवटचं कलम माझ्या बायकोनं घातलेलं आहे. पुढचं सगळं या कलमामुळं झालं.

किस्से संत्र्याच्या ढेरीसारखे, म्हणजे ढिगासारखे असतात. पहाटे एक गाडी रिकामी होते. ढेरी लहान असते म्हणून कोणी हाकलत नाही. मग दुसरी गाडी तिथंच टेकते, तिसरी तिच्यावर. उन्हं येईपर्यंत पाय ठेवायला जागा राहत नाही. त्या महिन्यात आमच्या दारासमोर असंच झालं. वरची ढेरी उचलायची तर खालून सुरुवात करावी लागते.

मी देवराव. शिक्षण चौथी. चाळीस वर्षं संत्र्याच्या मंडीत हर्रास केला. हर्रास म्हणजे लिलाव. आता ओरडून बोली लावतात. आमच्या वेळी कोणी ओरडत नव्हतं. मी स्टुलावर बसायचो, हातावर दुपट्टा टाकायचो. व्यापारी एकेक करून यायचा, दुपट्ट्याखाली हात घालायचा आणि माझी बोटं दाबायचा. जितकी बोटं तितका भाव. शंभर की हजार, ते माल पाहून दोघांनाही कळतं. तळहात दाबला तर वर अर्धा. भाव पटला नाही तर मी त्याचा अंगठा मुडपायचो. मग त्यानं पुन्हा दाबायचं. तिसऱ्यांदाही तोच भाव आला तर तो त्याचा शेवटचा. घ्यायचा नाहीतर सोडायचा.

सौदा झाला की मी स्टुलावरून उठायचो आणि पुकारायचो. फक्त नाव आणि गाव. "कादरभाई, कलकत्ता!" भाव पुकारायचा नाही. चाळीस वर्षांत एकाचा भाव दुसऱ्याला सांगितला नाही. बायकोलाही नाही. तिनं विचारला नाही असं नाही.

कधी भाव पडायचा. मग शेतकरी आपल्याच एखाद्या माणसाला पुढं करून आपली ढेरी आपणच सोडवायचा. त्याला आम्ही घरात घेणं म्हणायचो. घरात घेतलेल्या ढेरीवर अडत, म्हणजे दलाली, लागत नाही. माल जागचा हललाच नाही, तर दलाली कशाची?

मंडी सोडली तेव्हा स्टूल घरी आणलं. सागवानी, तीन पायांचं. संध्याकाळी ते दारासमोर ठेवून बसतो. तिघे दोस्त येतात, त्यांच्यासाठी ओटा आहे. शामराव मंडीत अडत्या होता. रुपया हातून सुटला की त्याला ताप येतो. कादरभाई संत्री घेऊन कलकत्त्याला पाठवायचा. गणपत हमालांचा मुकादम. तो कमी बोलतो, आणि जे बोलतो ते उशिरा बोलतो.

*

मला एकच मुलगी, मंगल. जावई नितीनराव. शहराच्या टोकाला, बेसाला फ्लॅट आहे, नोकरी चांगली, माणूस सरळ. सुपारीचंही व्यसन नाही. फक्त मोबाइलवर वस्तू विकतात.

मागं एकदा आम्ही दोघं त्यांच्याकडे जेवायला गेलो. ताटं वाढली. पहिला घास तोंडात होता आणि बेल वाजली. दारात दोन माणसं उभी.

"टेबल न्यायला आलो," त्यांच्यातला एक म्हणाला.

"लवकर आले तुम्ही," जावईबापू म्हणाले.

आम्ही ताटं हातात घेतली. टेबल गेलं. परत येऊन त्यांनी खुर्च्या नेल्या. मी उभ्यानं वरण-भात खाल्ला. आंबाडीची भाजी चांगली झाली होती.

बायको मुलीला म्हणाली, "मंगल, तुह्या फोटो काढला तं मले सांगजो वं."

मंगल हसली नाही. तिच्या हातातल्या कढईचा फोटो आदल्या दिवशीच निघाला होता.

*

अधिक महिना लागला आणि जावईबापू एकटेच आमच्याकडे आले. जावईबापू चहा घेत नाहीत, पित्त होतं. तरी चहा विचारावा लागतो, म्हणून मी आत गेलो. बाहेर आलो तर ते ओट्यासमोर उकिडवे बसून स्टुलाकडे मोबाइल धरून होते. मला वाटलं, मंगलला दाखवायला फोटो काढत असतील. मुलगी लहानपणी मंडीत आली की त्याच स्टुलावर उभी राहायची.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"मामाजी," ते म्हणाले. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. "तुमच्या फोनवर ओटीपी आला असेल. सहा आकडे. सांगता का?"

बँकेचा माणूस सांगतो, हे आकडे सख्ख्या भावालाही सांगू नका. पण तो भावाचं बोलला, जावयाचं काही बोलला नाही. लग्नात या माणसानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी विचारलं होतं, तेव्हा "मुलगी द्या, बस" म्हणाले होते. आता पहिल्यांदा मागत होते, तेही सहा आकडे. दिले.

बायको म्हणाली, "कायले पायजे, ते तरी विचाराचं."

मी म्हणालो, "धोंड्याच्या महिन्यात जावयाले विचारतात काय?"

ती आत निघून गेली. कलम तिचंच होतं.

*

चार दिवसांनी शामराव संध्याकाळी लगबगीनं आला. त्याच्या हातात मोबाइल.

"देवराव, तुह्यं स्टूल हर्रासात लागलं गा."

मी स्टुलावर बसलेलो होतो. खाली हात लावून पाहिला. स्टूल होतं.

"इथं नाही. इथं," म्हणून त्यानं मोबाइल पुढं केला. माझ्या स्टुलाचा फोटो. खाली माझं नाव, विकणारा म्हणून. कादरभाईनं चष्मा लावून वाचून दाखवलं, "इंग्रजांच्या काळातलं दुर्मिळ आसन. एका वृद्ध गृहस्थांच्या रोजच्या वापरातलं. थोडं डुगडुगतं."

मग गणपतनं विचारलं, "डुगडुगते कोण? स्टूल का गृहस्थ?"

मला राग डुगडुगण्याचा आला नाही. वृद्ध म्हटल्याचाही नाही. फोटोखाली भाव लिहिलेला होता. पाचशे रुपये. उघड्यावर. भामट्यापासून भटजीपर्यंत कोणीही पाहावा. चाळीस वर्षं लोकांचे भाव झाकले आणि माझ्याच मालावर पांघरूण नाही.

"फोन लाव जावयाले," शामराव म्हणाला.

आतून बायकोचा आवाज आला, "काही लावाचं नाही. हौसेनं केलं असंन पोरानं."

"स्टूल चाललं घरातून," मी म्हणालो.

"जाऊ द्या. जावई राहिला पाह्यजे."

कादरभाई खालचे नियम वाचत होता. एकदा बोली लागली की माल मागे घेता येत नाही, असं त्यात होतं. पहिली बोली लागून गेली होती. हा नियम आमच्या मंडीतही होता. हर्रास माझ्या नावावर लागला होता. लागला तर लागला. शेवटचा भाव ज्याचा, स्टूल त्याचं.

"तू बसशीन कायच्यावर?" शामरावनं विचारलं.

"उभा राहीन," मी म्हणालो.

*

हर्रास आठवडाभर चालणार होता. त्या आठवड्यात दोस्तांचं वागणं बदललं.

एरवी शामराव आला की सरकारवर बोलतो, कादरभाई गुडघ्यावर बोलतो. आता तिघंही येत, ओट्यावर ओळीनं बसत, मांडीवर दुपट्टा पसरत आणि हात दुपट्ट्याखाली घालून गप्प राहत.

"थंडी वाजते काय रे?" मी विचारलं.

"पाऊस येऊन राहिला," शामराव म्हणाला. आभाळ कोरडं होतं.

बायको रोज शेजारच्या सुनेच्या मोबाइलवर भाव पाहून यायची. पाचशेचे दोन हजार झाले. दोनाचे सात झाले. बारा झाले. खरं सांगायचं तर माझी मान जरा ताठ झाली. मी दोस्तांना म्हणालो, "कोणीतरी पारखी आहे. जुनं सागवान ओळखणारा."

"असंन," कादरभाई म्हणाला.

"कोन असंन तो येडा?" शामराव म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता आणि दुपट्टा हलत होता.

अठरा हजार झाले तेव्हा बायको म्हणाली, "यात तं सोफा येते."

शेवटच्या संध्याकाळी कोणी चहाही घेतला नाही. कप ओट्यावर गार झाले. दुपट्टे सारखे हलत होते. समोरच्या किराणावाल्यानं हात थांबवून पाहिलं, काय चाललं म्हणून. सात वाजले, हर्रास बंद झाला. तीस हजार.

कादरभाईनं दुपट्ट्याखालून हात काढला. हातात मोबाइल. कपाळ पुसत तो म्हणाला, "झालं. देवराव, तुह्यं स्टूल घरात घेतलं."

शामराव उठून उभा राहिला. "तू होता काय बे?"

"मंग एकोणतीस हजार कोण बोललं?"

शामराव खाली बसला. त्याच्याही दुपट्ट्यात मोबाइल होता. दोघंही माझं स्टूल सोडवायला निघाले होते, एकमेकांना न सांगता. सांगणार कसे? चाळीस वर्षं शेजारी बसून त्यांनी एकमेकांचा भाव विचारला नव्हता. बाहेरचा माणूस पाचशेलाच पळून गेला होता. पुढचं सगळं आमच्या ओट्यावरच झालं होतं.

बऱ्याच वेळानं गणपत म्हणाला, "सात हजारापर्यंत मी होतो."

दुसऱ्या दिवशी शामराव आला नाही. ताप होता. एकोणतीस हजार वाचले होते, पण बोललो तरी कसे, या विचारानं आला होता.

*

स्टूल जागचं हललं नाही. कादरभाईनं पैसे दिले नाहीत, मी मागितले नाहीत. घरात घेतलेली ढेरी. इथं हे संपायला हवं होतं.

मग माझ्या मोबाइलवर त्या कंपनीचा संदेश आला. माल विकला गेल्याबद्दल अभिनंदन. आमची फी हजारामागे शंभर, वरून टॅक्स. एकूण तीन हजार पाचशे चाळीस. मुदतीत भरले नाहीत तर थकबाकीदार म्हणून नाव लागेल.

माझ्या नावापुढं हा शब्द कधी लागला नव्हता. दूधवाल्याचा हिशेब महिना संपायच्या आदल्या दिवशी देतो. मंडी सोडली तेव्हा प्रत्येकाला जाऊन विचारलं होतं, माझ्याकडे काही निघतं का. मी कपडे बदलले, टोपी घातली आणि फोन करायला बसलो. बायको म्हणाली, "फोनवर टोपी दिसत नाही." मला माहीत होतं.

फोनवर माणूस नव्हता, मशीन होतं. हिंदीसाठी एक दाबा म्हणालं. मराठीसाठी दोन दाबा. खरेदीसाठी तीन दाबा. मी काही दाबलं नाही.

"दाबा ना," शामराव म्हणाला. त्याचा ताप उतरला होता.

"काहून दाबू? तिकडं कोण आहे, माहीत नाही. दाबलं आन् भाव झाला तं?"

बोट दाबलं की सौदा झाला, हे आमच्या हाडात आहे. मशीननं दोनदा सगळं पुन्हा सांगितलं. मी शांतपणे ऐकलं. मग त्यानं धन्यवाद म्हणून फोन ठेवला.

असं तीन वेळा झालं. चौथ्या वेळी कादरभाई म्हणाला, "आण इकडं. घेणारा मी आहो. माह्यं बोट." त्यानं दोन दाबलं, मग आणखी काहीबाही दाबलं, आणि एक मुलगी बोलायला लागली.

*

मुलगी गोड बोलत होती. मी तिला घरात घेतलेल्या ढेरीचा नियम समजावून सांगितला. तिनं पूर्ण ऐकला.

"समजलं, सर. पण आमच्याकडे तुमचं स्टूल विकलेलं दिसतंय."

"मी त्यावर बसून बोलून राहिलो, बाई."

तिच्या कीबोर्डचा आवाज आला. मग म्हणाली, "सर, फी माफ होऊ शकते. दोनच कारणं चालतात. एक, घेणाऱ्यानं शब्द फिरवला. तसं असेल तर मला त्यांचं नाव नोंदवावं लागेल. त्यांना पुढं कुठलीच बोली लावता येणार नाही."

कादरभाई शेजारी बसून ऐकत होता. त्यानं हात हलवून खूण केली, माझं नाव दे. या माणसानं पन्नास वर्षांत एक सौदा फिरवला नव्हता. एकदा अर्धी गाडी सडकी निघाली तरी पैसे मोजून दिले होते. मी त्याच्याकडे पाठ केली.

"दुसरं कारण सांगा."

"दुसरं म्हणजे, तुमच्या परवानगीशिवाय कोणी तुमच्या नावानं वस्तू विकायला लावली. मग त्या व्यक्तीवर फसवणुकीची तक्रार नोंदवू आणि तुमची पूर्ण फी माफ होईल. असं झालंय का, सर?"

"हो. असंच झालं."

"कोणी केलं?"

"घरच्यानं."

"त्यांचं नाव सांगा, सर."

बायको दारात येऊन उभी राहिली होती. हातात अनारशाचं पीठ. कलम माझ्या लक्षात होतं.

"नाव सांगणार नाही," मी म्हणालो.

"मग सर, आम्हाला असं धरावं लागेल की तुम्हीच केलं."

"धरा."

"मग फी भरावी लागेल."

"भरतो. पण अडत लागत नव्हती, हे लिहून ठेव."

"लिहिलं, सर. अजून काही मदत करू शकते का?"

"अजून पहिलीच नाही केली."

तिला हसू आलं, मी ऐकलं. मग पुन्हा मशीन आलं. आमची सेवा कशी वाटली, एक ते पाचपैकी आकडा दाबा. खूप चांगली वाटली तर पाच.

"पाच म्हणते," मी म्हणालो. "साडेतीनचे पाच कराले निघाले." आणि फोन बंद केला.

पैसे कादरभाईच्या हातात मोजून दिले, त्यानं मोबाइलवरून भरले. माझं नाव स्वच्छ राहिलं. कादरभाई दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याचं नाव मी वापरलं नाही, याचा राग होता.

*

मग धोंड्याचं जेवण आलं. मंगलही आली होती. जावईबापू पाटावर बसले, समोर रांगोळी, ताटात पुरण. मी जेवून घेतलं होतं. दारात स्टुलावर बसलो होतो, त्यांना पाठ दिसेल असा.

"मामाजी, स्टुलाचं काय झालं? हर्रास संपला असेल ना?" त्यांनी आतून विचारलं.

"अनारसा घ्या," बायको म्हणाली.

थोड्या वेळानं, "चांगला भाव आला का?"

"आणखी एक घ्या."

"नाही, मी म्हटलं, मामाजी त्यावर बसलेले दिसतात, तर..."

"हा पाह्या, हा चांगला जाळीदार झाला."

तेहतीसपैकी किती त्यांनी तिथंच संपवले, ते मी पाहिलं नाही. मंगल म्हणाली, डब्यात वीसच आले. जेवणानंतर त्यांनी आपणहून सांगितलं. स्टूल डुगडुगतं, त्याला पाठ नाही, माझी कंबर धरते. आलेल्या पैशांत ते मला पाठीची खुर्ची घेणार होते. न सांगता. माणूस सरळच आहे, हे मी सुरुवातीलाच लिहिलं आहे.

बायकोनं हळद-कुंकू लावून चांदीचा दिवा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा करून खाली काय लिहिलं आहे ते पाहिलं.

"फोटो चांगला येईन," मी म्हणालो.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. पण हा उणा शब्द नव्हता. फोटो खरंच चांगला आला असता.

निघताना ओट्यावर तिघं होतेच. जावईबापूंनी चप्पल घातली, स्कूटर सुरू केली. सगळं झालं असतं. तेवढ्यात गणपत बोलला.

"जावईबापू, साडेतीन हजार वर चाळीस अडत बसली. देवरावजीनं भरली. तुमचं नाव विचारत होते, नाही सांगितलं."

स्कूटर बंद झाली. जावईबापूंचा चेहरा उतरला. त्यांनी खिशातून पाकीट काढलं.

"ठेवा," मी म्हणालो. "लेकीच्या घरचा पैसा आम्ही घेत नसतो."

"पण मामाजी, चूक माझी..."

"जेवतो, तेही बोलावलं तं."

मंगल त्यांच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "चला. ते नाही घेणार. मी ओळखते यांना."

*

त्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या मोबाइलवर पैसे आले. मी कादरभाईकडून परत पाठवले. पुन्हा आले. पुन्हा पाठवले. कादरभाई म्हणाला, "देवराव, या पैशाचे पाय दुखून राहिले असतील."

मग एक टेम्पो आला. त्यात पाठीची, हाताची, गादीची खुर्ची. बायको एकदा बसून पाहते म्हणाली. बसू दिलं नाही. टेम्पो तसाच बेसाला परत गेला.

मंगलला फोन केला तेव्हा विचारलं, खुर्ची पोचली का.

"पोचली," ती म्हणाली. "आणि विकलीही गेली. फायद्यात."

पण तिचा आवाज हसरा नव्हता. ती म्हणाली, "बाबा, हे जेवताना गप्प असतात. मोबाइल उघडत नाहीत. मले म्हणतात, तुझ्या बाबांनी माझं नाव झाकलं आणि मला त्यांच्यासमोर उभंही राहता येत नाही. काहीतरी घ्या ना तुम्ही."

"आपल्यात घेत नसतात," मी म्हणालो. यापलीकडं मला सांगता आलं नाही. बापानं मला हेच सांगितलं होतं. त्यालाही यापलीकडं सांगता आलं नव्हतं.

*

अधिक महिना संपला. निज श्रावण लागला. एका संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे बसलो होतो. शामराव सरकारवर बोलत होता. कादरभाई मधूनमधून गल्लीच्या तोंडाकडे पाहत होता. मी विचारलं, कोणाची वाट पाहतो. म्हणाला, कोणाची नाही.

जावईबापू स्कूटरवरून आले. एकटे. इथल्या पोरांसारखा तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला. कोपऱ्यावरच्या टपरीवर थांबून त्यांनी चार चहा सांगितले. दहाला एक. पैसे तिथंच देऊन टाकले. चहा आमच्या हातात आले. ते स्वतः चहा घेत नाहीत.

आमचा चहा होईपर्यंत ते उभे राहिले. मग माझ्या समोर आले. तोंडावरचा दुपट्टा सोडला, झटकला आणि माझ्या उजव्या हातावर टाकला.

शामरावचं सरकार अर्ध्यावर थांबलं. कादरभाई गुडघा चोळत दुसरीकडं पाहू लागला.

दुपट्ट्याखाली हात आला. नवखा हात, ओला. माझी तीन बोटं दाबली. मग तळहात.

मी अंगठा मुडपला.

पुन्हा तीन बोटं, पुन्हा तळहात.

मी पुन्हा अंगठा मुडपला. जरा जोरानं. त्यांनी हात काढला नाही.

दारात बायको आली होती. तिला दुपट्टा दिसत होता, दुसरं काही नाही. किराणावाल्याला दुपट्टा दिसत होता. कोणालाही दुपट्टाच दिसत होता.

तिसऱ्यांदा तीन बोटं आली. मग तळहात आला, आणि त्यात कागदाची घडी होती.

मी मूठ मिटली.

"कितीत झालं गा?" शामरावनं विचारलं.

मी स्टुलावरून उठलो. टोपी सरळ केली आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल एवढ्या आवाजात पुकारलं,

"नितीनराव, बेसा!"